ट्रायलला नाचायला लावणाऱ्या मावशींना

ती. मावशींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय. स्टेजवर नाचणाऱ्या पोरींची नावं लोकांना पाठ असतात, त्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. तुमचं नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही म्हणून ते लिहीत नाही. इचलकरंजीत ज्यांनी तुमच्याकडे ब्लाऊज शिवलेत त्या ओळखतीलच.

दहावीत मला नाचाचं नाही, कपड्यांचं वेड होतं. के-पॉपचे, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांचे, व्हिडिओ मी आवाज बंद करून बघायचे. कुणाचं जाकीट कुठं संपतं, स्कर्टच्या चुण्या कुठून सुटतात, कापड एकच असताना प्रत्येकीचा कट वेगळा कसा, यातच माझा जीव अडकलेला. २०२० मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गटाच्या चौघी हानबोकवर बेतलेल्या कपड्यांत आल्या आणि माझी झोप उडाली. हानबोक म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख. त्यातलं जोगोरी नावाचं आखूड जाकीट छातीपाशी लांब बंदानं बांधतात. ते बघून मला आजीच्या खणाच्या चोळ्याच आठवल्या. लॉकडाऊन उठल्यावर आजीचे दोन खण आणि मोबाईलमधला फोटो घेऊन मी तुमच्या दुकानाची पायरी चढले.

तुम्ही हसला नाहीत. खण उलटासुलटा करून बघितलात, पन्हा लहान म्हणून जोड कुठं द्यायचा ते खडूनं आखलंत आणि विचारलंत, ‘‘कोरियाचं मला काय कळत न्हाई, पण ह्यात माणसाचा हात वर जातो काय?’’

जाकीट शिवून झालं. मी आरशापुढं उभी राहून वळून वळून बघत होते. तुम्ही मशीनवरून मान वर केलीत. ‘‘उभी काय ऱ्हातीस? नाच की. सगळं गाणं नाच.’’ दुकानात फॉल-पिकोसाठी थांबलेल्या दोघी बायका होत्या. तोवर मी बंद खोलीबाहेर कधी नाचले नव्हते. कटिंगचं टेबल भिंतीला सरकवून तुम्ही जागा केलीत, आता पळून जायची सोय उरली नव्हती. नाचले. पहिल्यांदा दोन्ही हात वर गेले तेव्हा जाकीट बरगड्यांपर्यंत चढलं, दुसऱ्यांदा बगलेतली शिलाई टर्रकन उसवली. मला रडू फुटणार होतं आणि तुम्ही मात्र खूश! ‘‘हितंच उसवलं ते बरं झालं.’’

मग तुम्ही बगलेत खणाचाच चौकोनी तुकडा तिरका बसवलात. हात पूर्ण वर गेला तरी जाकिटाची खालची कड जागची हलेना. गिरकी घेताना बंद सुटायचा, म्हणून त्याची गाठ कायमची शिवून टाकलीत आणि आत टिच बटणं लावलीत. स्कर्टच्या पट्ट्यालाच आतून शॉर्ट्स जोडलीत. ‘‘परत पहिल्यापासनं,’’ असं तुम्ही किती वेळा म्हणालात! त्यातल्याच एका खेपेला थांबलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, ‘‘अगं बाय, फरशीकडं काय बघतीस, आमच्याकडं बघ की.’’ मी बघितलं. ती हसली, मीही हसले, आणि पुढचं अख्खं कडवं मी तिच्यासाठी नाचले.

मावशी, अशा गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरींना आयडॉल म्हणतात. त्यांचं खरं काम हेच असतं, समोरच्या माणसाला वाटलं पाहिजे की ही माझ्याकडे बघून नाचतेय. जपानच्या एकेबी४८ या गटाचं टोकियोतल्या अकिहाबारात स्वतःचं छोटं थिएटर आहे. ८ डिसेंबर २००५ च्या पहिल्या प्रयोगाला तिथं तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते सात! पुढं तोच गट देशभर गाजला. हे वाचलं तेव्हा मला तुमचं दुकान आणि त्या दोघी बायका दिसल्या.

शिलाईचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याऐवजी हूक-काजं करायला बसवलंत, तो हात आजही कामाला येतो. आईला ‘‘पोरगी वाया जात न्हाई, माझ्या नजरंसमोर हाय’’ एवढंच सांगितलंत आणि घरातला विरोध मावळला.

पुढं गणपतीचा मांडव झाला, कॉलेजचं गॅदरिंग झालं, आम्हा चौघींचा ग्रुप जमला. दिल्लीतलं कोरियन सांस्कृतिक केंद्र अखिल भारतीय के-पॉप स्पर्धा घेतं, तिच्यासाठी नाच बसवला तेव्हा चारही जाकिटं तुमच्याच मशीनवर झाली. २०२२ मध्ये ओडिशाची श्रेया लेंका ब्लॅकस्वान या कोरियन गटात निवडली गेली, के-पॉपमधली पहिली भारतीय मुलगी. तिनं आधी ओडिसी शिकलेलं. ही बातमी मी नाचतच तुम्हाला सांगायला आले, तर तुमचा पहिला प्रश्न, ‘‘ती पोर जेवती काय तिकडं?’’

कोरियात मुली मनोरंजन कंपनीत वर्षानुवर्षं तालीम करतात, मग त्यांना स्टेज मिळतं. माझ्यामागं कुठली कंपनी नाही. तरी परवाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या शाळकरी मुली माझं नाव घेऊन ओरडत होत्या, एकीनं तर ओढणीच्या कापडाचं तसलंच जाकीट घातलेलं. तिला आयडॉल हवी होती आणि त्या संध्याकाळी ती मी होते. हे आता मी न लाजता म्हणते. एवढं धारिष्ट तुम्ही माझ्यात घातलंत, मावशी. तुमचे आभार कितीही मानले तरी कमीच.

जाकीटवाल्या त्या मुलीचा पत्ता काढलाय. तिच्या बगलेत शिलाई ताणत होती, मी स्टेजवरून बघितलं. दिवाळीच्या ब्लाऊजांची गर्दी सुरू व्हायच्या आत तिला घेऊन येते. टेबल सरकवून ठेवा.

तुमचीच,
जाकीटवाली पोर