शनिवार-रविवारी सर्व्हर कोण सांभाळतो? : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

विषय : सर्व्हर नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरची सुरक्षा आणि देखभाल करारांतील मुदत

महोदय,

मी फोंड्यात राहतो आणि खासगी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी पूर्वी मामलेदार कचेरीत जाणारी माझी सकाळ आता वाचते, याबद्दल मी शासनाचा खरोखरच ऋणी आहे. म्हणूनच या ऑनलाइन सेवांच्या मागे उभ्या असणाऱ्या यंत्रणेविषयी हे पत्र लिहीत आहे.

सर्व्हरांची संख्या वाढली की प्रत्येकावर स्वतंत्रपणे लॉगिन करून काम करणे अशक्य होते, आणि मग सॉल्ट, पपेट किंवा ॲन्सिबल यांसारखे सॉफ्टवेअर वापरले जाते. सॉल्टमध्ये एक मास्टर असतो व बाकीचे सर्व्हर त्याचे मिनियन. मास्टरवर दिलेली आज्ञा काही क्षणांत सर्वांवर, बहुधा रूटच्या म्हणजे सर्वोच्च अधिकाराने, अमलात येते. त्यामुळे मास्टर ज्याच्या हाती, सगळे सर्व्हर त्याच्या हाती.

३० एप्रिल २०२० रोजी एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने सॉल्टमधील दोन त्रुटी जाहीर केल्या. त्यांतील सीव्हीई-२०२०-११६५१ या नोंद क्रमांकाच्या त्रुटीला धोक्याच्या मापनात १० पैकी १० गुण मिळाले होते, आणि ते योग्यच होते, कारण मास्टरच्या ४५०६ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याच्या दारावर, येणारी विनंती कोणाची आहे हे न तपासताच काही अंतर्गत फंक्शन चालत असत व त्यांपैकी एक फंक्शन प्रशासकाची गुप्त किल्लीच मागणाऱ्याच्या हवाली करत असे. पासवर्ड फोडण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या त्रुटीमुळे मास्टरवरील नको त्या फाइल वाचता येत. इंटरनेटवरून थेट दिसणारे असे सुमारे ६,००० मास्टर त्या वेळी आढळले होते.

दुरुस्त आवृत्त्या आदल्या दिवशी, २९ एप्रिलला, उपलब्ध झाल्या होत्या. जाहीर झाले तो गुरुवार होता. शनिवारी रात्री लिनिएजओएस या अँड्रॉइडवर आधारित मोबाइल प्रणालीच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली, रविवारी घोस्ट या ब्लॉग सेवेत, आणि त्याच सुमारास संकेतस्थळांना सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिसर्ट कंपनीच्या एका प्रमाणपत्र-नोंदवहीची डिजिटल सही करण्याची किल्ली धोक्यात आली. घोस्टवरील हल्लेखोरांनी क्रिप्टो चलनाचे मायनिंग, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर आकडेमोड करून ते चलन कमावणे, सुरू केल्यामुळे प्रोसेसरवर एकदम ताण आला आणि प्रकार उघडकीस आला. चोर हावरा होता म्हणून सापडला. त्याने गुपचूप माहितीच उचलली असती, तर किती दिवसांनी कळले असते हे मला सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात, टाळेबंदीत घरी बसून, मी माझ्या ग्राहकांचे सर्व्हर तपासले. एका ग्राहकाकडे चाचणीसाठी उभारलेला आणि सर्वांच्या विस्मरणात गेलेला मास्टर इंटरनेटला उघडा सापडला. त्याची नोंद कोणत्याही यादीत नव्हती, आणि तो उभारणारा ठेकेदार केव्हाच बदलला होता.

शासनाचे कोणते खाते सॉल्ट वापरते, याविषयी मी कोणताही दावा करत नाही. जून २०२२ मध्ये जलस्रोत खात्याच्या पूर निरीक्षण यंत्रणेवर झालेला रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला वेगळ्या प्रकारचा होता; परंतु ऐन पावसाळ्यात नद्यांवरील १५ ठिकाणांची माहिती अडकून पडू शकते, एवढे तेव्हा आपण सर्वांनीच पाहिले.

माझी मुख्य विनंती देखभाल करारांविषयी आहे. अशा करारांत दुरुस्तीची मुदत ‘कामकाजाच्या दिवसांत’ मोजली, तर गुरुवारची त्रुटी सोमवारी हाताळली तरी ठेकेदार नियमात बसतो. अतिगंभीर त्रुटींसाठी ही मुदत तासांत लिहावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतील सहा तासांची अट घटना कळवण्यासाठी आहे. दुरुस्तीचे तास आपल्यालाच करारात घालावे लागतील. त्याबरोबरच प्रत्येक खात्याच्या नियंत्रक सर्व्हरांची यादी ठेकेदाराकडे न राहता खात्याकडे असावी, त्यांचे पोर्ट केवळ अंतर्गत नेटवर्कपुरते खुले असावेत आणि ठेकेदार बदलताच सर्व किल्ल्या बदलाव्यात.

चतुर्थीला आपल्याकडे कचेऱ्या सलग बंद असतात. त्या दिवसांत हे सर्व्हर कोणाच्या जबाबदारीवर असतील, त्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खात्याने सुट्टीपूर्वी आपल्या कार्यालयाला लेखी कळवावा, असा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, फोंडा