पॉइंट टू टू घेण्याआधी

आर्वी,
१४ डिसेंबर

प्रिय गजू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डुकरांनी हरभऱ्याची तासंच्या तासं उकरली, हे वाचून जीव हळहळला. रविवारी टार्गेटवर चालेल आणि रात्री जागलीलाही कामी येईल अशी पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल सांग, म्हणतोस. आधी जागलीचंच बोलतो.

त्या कामाला ही रायफल नकोच. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची. तेवढ्यानं डुक्कर पडत नाही. जखमी होऊन तुरीत घुसतं आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बायांवर धावून जातं. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे. चुकलेली गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्या सपाट वावरात तिला अडवणार कोण? परदेशात या रायफलीनं उंदीर-ससे टिपतात, ते वाचून आपली गल्लत होते. तू पंचनामा करून घे, भरपाईचा अर्ज दे आणि कुंपणाचं बघ.

आता टार्गेटचं. काकांची बाराबोर बंदूक तुझ्या परवान्यावर आहेच. २०१९ च्या दुरुस्तीपासून साध्या परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे तुझ्याकडे एकच जागा उरली. घाई करू नको.

एनसीसीत आपण पडून मारायचो, आठवतं? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते याच अंतरावर. गुडघ्यावर बसून, पडून आणि उभं राहून. त्याचा विचार केला की माझे हात आपोआप स्थिर होतात.

बोल्ट अ‍ॅक्शनच घे, म्हणजे दर गोळीला हातानं खिट्टी मागेपुढे करून भरायची. आन्शुट्झसारखी स्पर्धेची रायफल उत्तम, पण वजनदार आणि खूप महाग. जुनी ब्रनो मॉडेल टू चांगल्या अवस्थेत मिळाली तर माझ्या मते तिच्यासारखी दुसरी नाही. मात्र नळी तपासल्याशिवाय पैसे देऊ नको. बोल्ट काढ, रायफल रिकामी असल्याची खात्री कर आणि नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून कापसाचा बोळा फिरव. एक जरी तंतू अडकला तरी कड दुखावलेली आहे, आणि गोळी सुटताना शेवटी तिलाच घासून जाते. मग चाप. वाळलेली तुराटी मोडावी तसा तो कटकन सुटायला हवा. ओढताना रबरासारखा ताणला गेला तर तुझा नेमही ताणला जाईल.

माझी चूक सांगतो. मी आधी रायफलीवर लावायची दुर्बीण घेतली, तीही महागातली. दिवसभर झिरो करत, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल असं जुळवत बसलो, ५० गोळ्यांची डबी संपली, तरी छिद्रं इकडे-तिकडेच. संध्याकाळी पाहिलं तर दस्त्याचा पुढचा स्क्रू सैल! तो आवळला आणि पुढच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. त्या दिवशी ते छिद्र मी किती वेळ बोटानं चाचपत होतो.

गोळीत काटकसर करू नको. हिचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा मसाला, काडतुसाच्या काठात असतो. तो सगळीकडे सारखा भरला नसेल तर वेग बदलतो आणि गोळी वर-खाली लागते. फार वेगवानही नको. मॅचच्या गोळ्या सेकंदाला सुमारे ३२५ मीटरवर, आवाजाच्या वेगाच्या खालीच ठेवतात. त्याहून वेगवान गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या खेपांमध्येही फरक पडतो. चार लॉट मारून बघ, नळीला जो मानवेल तो पेटीभर घे. ५० ला झिरो केलीस तर १०० मीटरवर गोळी जवळपास वीतभर खाली लागेल, हे लक्षात ठेव.

परवाना येईपर्यंत पॉइंट वन सेव्हन सेव्हनची (०.१७७ इंची नळीची), २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घे. तिला परवाना लागत नाही आणि चापाची सवय तिच्यावरच होते.

जानेवारीत मी नागपूरला रेंजवर जाणार आहे, सोबत चल. त्याआधी कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत दोरीनं मोजून कळव. दस्ता त्याच मापाचा बघू.

तुझा,
बाळू