सापळा फुलात नसतो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कास पठाराच्या हंगामात ‘सीतेची आसवं’ या निळ्या-जांभळ्या फुलांच्या छायाचित्राखाली ‘किडे खाणारे फूल’ अशी ओळ हमखास छापली जाते. कृपया ती बदलावी. फूल किडे खात नाही. शिकार करतात त्या चिखलात दडलेल्या, टाचणीच्या डोक्याहून लहान थैल्या.

या वनस्पतीला खरी मुळे नसतात. थैली आतले पाणी सतत बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब घटतो आणि तिच्या भिंती खपाटीला जातात. दाराजवळच्या केसांना एखादा सूक्ष्म जीव धडकला की झडप आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो. पाण्यात वाढणाऱ्या जातींमध्ये हा वेळ मोजला, तर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरला. मग पाणी उपसून सापळा पुन्हा ताणायला मात्र पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो.

शेजारीच वाढणाऱ्या ‘दवबिंदू’ या दुसऱ्या किडे खाणाऱ्या वनस्पतीची तऱ्हा वेगळी. त्याच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. किडा अडकून धडपडतो, तसे आजूबाजूचे केसही त्याच्याकडे वाकतात. चिकट द्रवाने श्वसनरंध्रे बुजून तो गुदमरतो. पाचक रस त्याचा मऊ भाग विरघळवतात, पान तो शोषून घेते आणि काही दिवसांनी वर नुसते टरफल उरते. किडा फार मोठा असेल तर पचण्याआधीच कुजतो आणि पानही सडवतो.

एवढा खटाटोप अन्नासाठी नव्हे. अन्न ही रोपे उन्हावर स्वतःच तयार करतात. जांभ्या कातळावरच्या पातळ मातीतून पाऊस नत्र धुऊन नेतो, स्फुरदही जेमतेम असते. ही तूट किड्यांतून भरून निघते.

म्हणूनच हौसेने रोप उपटून घरच्या कुंडीत लावणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते: ते जगणार नाही. शेणखताच्या मातीत आणि क्षारांच्या पाण्यात ते काळे पडते. शिवाय पठारावरच्या या जाती बहुतेक एका हंगामाच्याच. पाऊस ओसरला की रोप वाळते, मागे राहते ते फक्त बी. फुलावर असताना उपटले तर तेही धरत नाही. वाट सोडून पाय टाकला तरी मातीतल्या थैल्या चिरडतात, आणि त्या वरून दिसत नाहीत.

– वनस्पतिशास्त्राचा एक अभ्यासक, सातारा