एक किडनी आणि मेंदूचा एमआरआय

मा. संपादक,
स. न.

किडनीचा कॅन्सर मेंदूत पसरल्याचे कळले की नाशिकच्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'मुंबईला कधी न्यायचे?' त्याआधीचा प्रश्न एमआरआयचा, आणि घोळ तिथेच होतो.

या रुग्णांची एक किडनी बहुधा आधीच काढलेली असते, क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावल्याची रक्तातली खूण) थोडे चढलेले असते. ते पाहून काही स्कॅन सेंटर कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देताच तपासणी उरकतात. मग तीन-चार मिलिमीटरच्या गाठी सहज निसटतात, आणि जी गाठ दिसली नाही तिच्यावर रेडिओसर्जरीचे, म्हणजे नेमके गाठीवरच रोखलेले, किरण कसे सोडणार? किडनीला जपायचे ते मुख्यतः सीटीच्या आयोडीनपासून. एमआरआयचे कॉन्ट्रास्ट, गॅडोलिनियम, वेगळे. ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ३०च्या वर असेल तर ते नेहमीच्या मात्रेत देता येते. त्याखाली असेल तर मॅक्रोसायक्लिक (शरीरात गॅडोलिनियम कमी सुटू देणाऱ्या) प्रकारचे निवडावे आणि किडनीतज्ज्ञाला विचारावे. चिठ्ठीवर 'रेडिओसर्जरीसाठी, कॉन्ट्रास्टसह, १ मिमीचे काप' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सीडी मागून घ्या. नुसत्या फिल्मवर प्लॅन होत नाही. स्कॅन शक्यतो उपचाराच्या आठवडाभर आधीचाच हवा. या कॅन्सरच्या गाठींत रक्तस्राव पटकन होतो, आकार बदलतो. महिन्यापूर्वीची सीडी घेऊन कसारा घाट उतरण्यात अर्थ नाही.

पूर्ण मेंदूला १० बैठकांत ३० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) दिले तरी ही गाठ फारशी दबत नाही. रेडिओसर्जरीच्या एकाच बैठकीतल्या मोठ्या मात्रेला मात्र ती चांगली दाद देते. गाठ २ सेंमीपर्यंत असेल तर २० ते २४ ग्रे, ३ सेंमीपर्यंत १८, ४ सेंमीपर्यंत १५. मोठी गाठ तीन ते पाच बैठकांत विभागतात. गाठीचा मेंदूवर दाब फार असेल तर आधी शस्त्रक्रिया. आजूबाजूच्या मेंदूचा १० सीसीहून जास्त भाग १२ ग्रेच्या कक्षेत आला तर पुढे काही महिन्यांनी पेशी मरून सूज येण्याचा धोका वाढतो. एमआरआयवर ही सूज गाठ परतल्यासारखीच दिसते. घाबरून लगेच औषधे बदलू नका (या कॅन्सरवर केमो सहसा चालत नाही, चालतात त्या टार्गेटेड गोळ्या आणि इम्युनोथेरपी). आधी परफ्यूजन (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारा) एमआरआय करून घ्या.

मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने साखर वाढते, तरी ते अचानक थांबवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. उपचारानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय लागतो, तोही कॉन्ट्रास्टसहच. हे स्कॅन नाशिकमध्येच होऊ शकतात. शहरातील सेंटरांनी या रुग्णांसाठी एक ठरलेला प्रोटोकॉल ठेवला, तर मुंबईत पोहोचल्यावर पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च आणि हेलपाटा वाचेल.

– एक मेडिकल फिजिसिस्ट, गंगापूर रोड, नाशिक