सूचना: ऑनलाइन ट्रान्झॅक्शनचे अकाउंट कोड

सर्व सभासदांनी आपापल्या सीआयसीएस (मेनफ्रेमवर ऑनलाइन ट्रान्झॅक्शन चालवणारी प्रणाली) ट्रान्झॅक्शनची यादी अकाउंट कोडसह (खर्च कोणत्या विभागावर टाकायचा, तो कोड) महिनाअखेरच्या आत पाठवावी, ही विनंती.

बॅचचं, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या जॉबचं, सोपं आहे. जॉब कार्डावर (जॉबच्या सुरुवातीच्या ओळीत) कोड टाकला की तो एसएमएफ ३० रेकॉर्डमध्ये (सिस्टिम ठेवते त्या वापराच्या नोंदीत) आपोआप उतरतो. ऑनलाइनच्या एसएमएफ ११० रेकॉर्डमधून ट्रान्झॅक्शन आयडी, युजर आयडी आणि सीपीयू वेळ मिळते; पण खर्च कोणत्या विभागाचा, हे या यादीच्या तक्त्यावरूनच ठरणार. एकच आयडी दोन विभाग वापरत असतील तर आधी वेगळे आयडी करून घ्या, नंतर वाटणीवरून वाद नकोत.

डीबी२ (डेटाबेस) वापरणाऱ्यांनी डीबी२एन्ट्रीतलं (सीआयसीएसमधल्या डीबी२ जोडणीच्या व्याख्येतलं) अकाउंटरेक, म्हणजे हिशेबाचं रेकॉर्ड केव्हा लिहायचं ते सेटिंग, ‘नन’ असल्यास ‘टास्क’ (दर टास्कला वेगळं रेकॉर्ड) करावं. नाहीतर थ्रेड (डीबी२शी असलेली जोडणी) पुन्हा वापरला गेला की अनेक ट्रान्झॅक्शनचा हिशेब एकाच रेकॉर्डमध्ये मिसळतो. रेकॉर्ड वाढतील, ते चालेल. ‘इतर’ असा कोड कृपया कुणीही देऊ नये.