कंपनीचा एअर बॉक्स काढण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिगर-टर्बो पेट्रोल गाडीचा मूळ एअर बॉक्स (इंजिनात जाणारी हवा गाळणारा फिल्टर ज्यात असतो तो बंद डबा) काढून त्याजागी उघडा कोन फिल्टर (डब्याविना बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर) बसवला की पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, अशा आशयाचा मजकूर आपल्या वाहनविषयक पुरवणीत वाचला. नोकरीची बहुतेक वर्षे इंजिन चाचणीच्या कामात गेल्यामुळे या दाव्याबद्दल चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते. माझ्या मते रोजच्या वापरातल्या गाडीला या बदलातून निश्चितपणे मिळतो तो फक्त आवाज, आणि त्याची किंमत इंजिन पुढे कित्येक वर्षे मोजत राहते.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा कोणी ढकलत नाही. पिस्टन खाली जातो आणि वातावरणाच्या दाबाने ती आपोआप आत येते. दीड लिटरचे इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या) मिनिटाला जास्तीत जास्त साडेचार हजार लिटर हवा ओढते, आणि एवढ्या प्रवाहातही स्वच्छ कागदी फिल्टरमुळे दाबात पडणारी घट साधारण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. फिल्टर पूर्ण काढून टाकला तरी वाचणार ते एवढेच. याउलट हवेचे तापमान वाढले की तिची घनता त्याच प्रमाणात उतरते: बाहेर ३५ अंश असताना इंजिनाने बॉनेटखालची ६५ अंशांची हवा घेतली, तर प्रत्येक श्वासात सुमारे नऊ टक्के हवा कमी भरते. मूळ बॉक्सची नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागून किंवा हेडलाइटच्या बाजूने बाहेरची हवा घेते, म्हणजे जिला दुकानदार ‘कोल्ड एअर’ म्हणून विकतो ती सोय कंपनीने आधीच दिलेली असते. उघडा कोन मात्र रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत बसतो. महामार्गावर वेग असताना बॉनेटमध्ये वारा खेळतो आणि हा तोटा बराच कमी होतो हे खरे; पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते तेव्हा तो पुरेपूर जाणवतो. त्यातच पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा मुळातच पाच-सहा टक्के विरळ आहे.

ॲव्हरेज वाढण्याच्या समजुतीचे मूळ कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या) काळात आहे. पद्मिनीसारख्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि टाकी लवकर रिकामी होई. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन पाहतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. शिवाय शहरात आपण थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप, क्वचितच पूर्ण उघडतो. हवेची वाट अडवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो अर्धवट मिटलेला थ्रॉटलच असतो, आणि त्याच्याआधीचा फिल्टर मोकळा केल्याने फारसे काही बदलत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत, फिल्टर मुद्दाम तुंबवल्यावरही आधुनिक इंजेक्शन गाड्यांच्या इंधन खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो वेग पकडण्यात. तुंबलेल्या फिल्टरने जिथे ॲव्हरेज ढळत नाही, तिथे स्वच्छ फिल्टरच्या जागी कोन लावून ते वाढेल कसे?

एअर बॉक्सला जोडलेला, वरवर निरुपयोगी दिसणारा प्लास्टिकचा डबा म्हणजे रेझोनेटर. तो हवा आत जातानाचा घुमणारा आवाज दाबतो. इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, नळीत दाबाच्या लाटा उठत असतात आणि नळीची लांबी व व्यास जमले असतील तर त्या लाटा विशिष्ट आरपीएमला सिलिंडर भरायला हातभार लावतात. कंपनी ही मापे रोजच्या वापरातल्या मधल्या आरपीएमचा विचार करून ठरवते. आखूड नळी बसवल्यावर फायदा झालाच तर तो वरच्या टोकाला होतो, जिथे सिग्नल ते सिग्नल चालणारी गाडी सहसा पोहोचत नाही. डबा गेला की आवाज मोकळा होतो आणि चालकाला गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. तो आवाज मलाही आवडतो, हे नाकारत नाही. पण मग तो आवाज म्हणूनच विकावा.

खरी चिंता धुळीची आहे. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत सिलिका असते, ती लोखंडापेक्षा कठीण असते आणि तिचे बारीक कण पिस्टन रिंग व सिलिंडरची भिंत घासत राहतात. ही झीज आठवड्याभरात दिसत नाही; ती ऑइल पिणाऱ्या इंजिनाच्या रूपाने बऱ्याच काळाने समोर येते, तोवर कोन बसवणारा कोण होता याची आठवणही राहिलेली नसते. फिल्टर किती धूळ अडवतो हे तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही प्रमाणित चाचणी आहे. तिचा अहवाल नसलेल्या स्वस्त कोनावर कोणत्या आधारावर भरवसा ठेवायचा? तेल लावलेल्या कापडी फिल्टरला जास्त तेल लागले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते आणि मोजमाप चुकते. थंड हवेसाठी बंपरखाली उतरवलेल्या नळीचा धोका पावसाळ्यात उघड होतो: हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत इंजिनाचे असे नुकसान सहसा येत नाही. त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते.

आणखी एक प्रकार काही गॅरेजमध्ये सर्रास दिसतो. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातील) वाफा पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी जी नळी एअर बॉक्सच्या बाजूला जोडलेली असते, ती नव्या पाइपला जागा नाही म्हणून सोडून दिली जाते आणि तिच्या तोंडावर बोटभर फिल्टर लावला जातो. या वाफा हवेत सोडण्यास उत्सर्जन नियमांत मुळीच मुभा नाही. पीयूसीच्या तपासणीत नळी फक्त सायलेन्सरला लावतात, त्यामुळे हे तिथे कळत नाही. म्हणून ‘पीयूसी पास आहे’ या उत्तराला इथे अर्थ नाही.

बंद ट्रॅकवर धावणाऱ्या, पूर्ण थ्रॉटलवर राहणाऱ्या आणि वरचेवर इंजिन उघडल्या जाणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा), एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील मापे बदलणे) यांच्या जोडीने तिथे इनटेक बदलणे सयुक्तिक ठरते. घरच्या गाडीला मात्र मूळ बॉक्समध्ये बसणारा चांगला पॅनेल (चपटा) फिल्टर वेळेवर बदलणे पुरेसे आहे. प्रेशरने हवा मारून तोच कागद पुन्हा पुन्हा वापरण्याची सवयही सोडावी, कारण त्यात कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात.

पुरवणीत यापुढे असा मजकूर छापताना, बॉनेट उघडे ठेवून समोर पंखा लावलेल्या डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) एकच आकडा न देता, बॉनेट बंद असताना रहदारीत इनटेकमधील हवेचे तापमान किती होते आणि २००० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) आधी व नंतर किती मिळाला, हे दुकानदाराला विचारून छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंजिन-चाचणी अभियंता
चिंचवड, पुणे