पंचवीस पानं आणि दोन घोडेस्वार

सातारा,
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींचा फोन आला तेव्हा कळलं, गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, टाकेही निघाले, पण अजून सहा आठवडे जिना उतरायचा नाही. मग तुझ्याशी बोललो. तू एवढंच म्हणालास, "यंदा आपलं राहिलं रे." तो पडलेला आवाज दोन दिवस कानातून गेला नाही. सदतीस वर्षांत पावसाळी फेरी चुकायची ही दुसरी वेळ. पहिली माझ्या आईच्या आजारपणात चुकली होती, आणि तेव्हा तू एकटा गेला नाहीस. मीही यंदा जाणार नाही. त्याऐवजी हे पत्र लिहितोय, आणि सोबत एक पुडकं पाठवतोय. त्यात पत्त्यांचा कॅट आहे. तो का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

पुतण्या अमेरिकेहून आला तेव्हा त्याने मला एका जुन्या मालिकेच्या डीव्हीडींचा संच आणून दिला. 'एलियस स्मिथ अँड जोन्स'. जानेवारी १९७१ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली, जानेवारी १९७३ मध्ये संपली. एकूण पन्नास भाग. काउबॉय, घोडे, धुळीचे रस्ते, सगळं आहे, पण गोळीबार फारच थोडा. हॅनिबल हेज आणि किड करी हे दोघे नावाजलेले दरोडेखोर. आगगाड्या लुटल्या, बँका लुटल्या, पण कुणावर गोळी झाडली नाही, असं प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदक सांगतो. दोघांना आता सुधारायचंय. वायोमिंगचा गव्हर्नर म्हणतो, माफी देईन, पण आधी तुम्ही नीट वागून दाखवा, आणि तोवर ही गोष्ट आपल्यातच राहील. म्हणजे बघ, माफी कबूल झालीय आणि तरी प्रत्येकाच्या डोक्यावर दहा हजार डॉलरचं इनाम तसंच आहे, जिवंत वा मृत. मग ते जोशुआ स्मिथ आणि थॅडियस जोन्स अशी साधी नावं घेऊन गावोगाव फिरत राहतात. घर नाही, पत्ता नाही, खिशात बहुधा काहीच नाही. सोबत फक्त एकमेकांची.

किड करी नावाचा खरा माणूसही होऊन गेला. त्याचं नाव हार्वी लोगन. तो मात्र क्रूर होता, त्याने माणसं मारली आणि १९०४ मध्ये कोलोरॅडोत एका रेल्वे दरोड्यानंतर तो मेला. मालिकेने त्याचं नुसतं नाव घेतलं आणि स्वभाव पार वेगळा दिला. मला हे आवडलं. खऱ्या क्रौर्याला गोड रंग देण्यापेक्षा सरळ दुसराच माणूस उभा करणं बरं.

या दोघांची जोडी मला इतकी का भावली, सांगू? हेज डोकं चालवणारा. तिजोरीच्या चकतीला कान लावून कुलूप उघडतो, बेत आखतो, बोलून माणूस वळवतो. करी पिस्तुलाचा वेगवान, पण त्याला वापरायची हौस नाही. त्याला वेळेवर जेवण आणि रात्रीला गादी मिळाली की झालं. एकच काम असेल तर नाणं उडवतात, आणि बहुतेक वेळा हेजच जिंकतो. करी त्याच्याकडे बघतो, काही बोलत नाही आणि कामाला जातो. ते बघणं पाहिलं की मला करूळ घाट आठवतो. १९८८ चा श्रावण, तुझी राजदूत, आणि गगनबावड्याच्या खाली दोन वळणांवर मागचं चाक बसलं ते. पान्हा कोणी धरायचा आणि चहा आणायला कोणी जायचं, यावर तू चार आण्याचं नाणं उडवलंस. मी हरलो. भर पावसात चाक खोलताना मी तुझ्याकडे अगदी तसंच बघितलं असणार.

आता त्या भागाकडे येतो. मालिकेच्या सुरुवातीचाच भाग, 'द मॅक्रीडी बस्ट'. टेक्सासच्या सीमेवर मॅक्रीडी नावाचा एक धिप्पाड जमीनदार आहे. लोकगीतं गाणारा बर्ल आइव्ह्ज ही भूमिका करतो. त्याच्या हसण्याने अख्खी खोली भरते. रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे, मेक्सिकोत, आर्मेंदारिस नावाचा दुसरा जमीनदार. तो अदबीने बोलणारा, तितकाच हट्टी. सीझरचा एक अर्धपुतळा आहे, आणि मॅक्रीडीचं म्हणणं, तो आर्मेंदारिसने पळवला. तो परत आणून द्या, भरघोस पैसे देतो, असं तो हेज आणि करीला सांगतो. म्हणजे ज्यांनी चोरी सोडायची शपथ घेतलीय, त्यांनाच 'चोरीचा माल परत आणा' हे काम. यात चोरी कुठली आणि न्याय कुठला, यावर दोघे घोड्यावरून जाता जाता जो वाद घालतात, तो मी तीनदा मागे नेऊन ऐकला.

वाद मुळात पुतळ्याचा नाहीच. नदी सरकली, इकडची जमीन तिकडे गेली, आणि पुढचं सगळं त्यातून आलं. तुला हे समजावून सांगायला नको. तुझ्या मामांच्या मळईच्या पट्ट्यावरून किती वर्षं बोलणं बंद होतं! कृष्णेने एका पुरात काठ खाल्ला आणि समोरच्याला गाळ दिला. रिओ ग्रांदेनेही खरोखर असंच केलं होतं. १८६४ च्या पुराच्या सुमाराला ती एल पासो आणि हुआरेस या गावांपाशी दक्षिणेकडे सरकली, आणि त्या तुकड्यावरून दोन देश शंभर वर्षं भांडले. तह झाला तो १९६३ मध्ये. म्हणजे ही मालिका बनली तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकाला सरकणारी नदी ही नुकतीच मिटलेली गोष्ट होती. हसताखेळता लिहिलेल्या भागात लेखकाने केवढं खरं दुखणं आणून ठेवलंय, ते मला दुसऱ्यांदा बघताना कळलं.

नदीपार जाणं, परत येणं, धरपकड, ते सगळं चांगलंच आहे, पण त्यावर शाई घालवत नाही. मला तुला सांगायचंय ते पत्त्यांचं.

हेज मॅक्रीडीशी पैज लावतो. कॅटमधली कुठलीही पंचवीस पानं मला द्या, मी त्यांतून पाच-पाच पानांचे पाच हात लावून दाखवतो, आणि पोकरमध्ये एकही पान न बदलता चालेल असा प्रत्येक हात असेल. म्हणजे एकाच रंगाची पाच, सगळी बदाम किंवा सगळी किलवर. नाहीतर ओळीने पाच. नाहीतर तीन एकसारखी आणि दोन एकसारखी. नाहीतर चार एकसारखी. असे हात वाटून यायला माणूस रात्रभर बसतो, आणि हा म्हणतो पाचच्या पाच लावतो! ऐकणाऱ्याला वाटतं, हा वेडा आहे. खरं म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा हे जमतं.

हा डाव रॉय हगिन्सचा जुना. तो या मालिकेचा कार्यकारी निर्माता, आणि बऱ्याच भागांच्या कथा 'जॉन थॉमस जेम्स' या टोपणनावाने त्यानेच लिहिल्या. त्याआधी त्याने 'मॅव्हरिक' ही मालिका काढली होती. तिच्या १९५८ च्या जानेवारीतल्या एका भागात हाच डाव दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या दुकानांतले पत्त्यांचे कॅट संपले, असं सांगतात. मला ते खरं वाटतं, कारण मीही रात्री साडेअकराला टीव्ही बंद करून कपाटातला कॅट शोधायला लागलो.

सतरंजीवर बसलो, पिसली, पंचवीस वाटली. मला आली ती पानं तशीच लिहून ठेवलीत. इस्पिकची सहा: एक्का, राजा, नव्वी, छक्की, चार, दुर्री. बदामची सहा: राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, पंजी, तिर्री. चौकटची सात: राजा, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, तिर्री, दुर्री. किलवरची सहा: गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती, पंजी, चार.

पहिल्यांदा मी मेंढीकोट खेळणाऱ्याच्या सवयीने वागलो. मोठी पानं धरून ठेवली, बारकी टाकली. प्रत्येक रंगाची पाच-पाच ठेवली, चार हात झाले. उरली ती इस्पिक दुर्री, बदाम तिर्री, चौकट दुर्री, चौकट तिर्री आणि किलवर चार. दोन दुर्र्या, दोन तिर्र्या, आणि एक चार मध्येच! एक दुर्री किंवा एक तिर्री अजून असती तर काम झालं असतं. वीस मिनिटं मी तिथेच अडलो. सई पाणी प्यायला उठली होती. नऊ वर्षांची पोर, डोळे चोळत जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, लहान नको, मोठी नको, मधली काढा ना."

मधली काढली. चौकटची छक्की आणि सत्ती, बदामची अठ्ठी, इस्पिकची नव्वी, किलवरची दश्शी. सहा, सात, आठ, नऊ, दहा. ओळीने पाच! आणि मागे उरलेले चारही हात शाबूत, इस्पिकची पाच, बदामची पाच, चौकटची पाच, किलवरची पाच. सईने टाळ्या वाजवल्या, सुनंदा जागी झाली, आणि रात्री पाऊण वाजता आम्ही तिघं सतरंजीवर पंचवीस पानं लावून बसलो होतो.

सुहास, त्या क्षणी मला सगळ्यात आधी तू आठवलास. मालवणच्या त्या खानावळीच्या पडवीत, तीन दिवस पाऊस उघडत नव्हता, आपल्याकडे मिळून बेचाळीस रुपये उरले होते, आणि तू त्या वकीलसाहेबांबरोबर भिडू बसून मेंढीकोट खेळत होतास. सहा डाव हरलास आणि सातव्याला चारही दश्श्या घेऊन उठलास. पैसे लावून खेळायचं नाही, हा तुझा नेम. म्हणून जिंकून मिळाली ती फक्त तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

मालिकेतही असंच होतं. हेज पैज जिंकला तरी पैसा टिकत नाही. भागागणिक रक्कम हातात येते आणि निसटते, आणि शेवटी दोघे रिकाम्या खिशाने पुढच्या गावाकडे निघतात. मला सुरुवातीला हळहळ वाटायची. आता वाटत नाही. त्या दोघांना एकदा पुरेसे पैसे मिळाले असते तर एक पूर्वेला गेला असता, एक पश्चिमेला. ते रिकामे आहेत म्हणून बरोबर आहेत.

एक गोष्ट तुला सांगावी की नाही, दोन दिवस विचार करत होतो. सांगतोच. हेजचं काम करणारा पीट ड्युएल ३१ डिसेंबर १९७१ रोजी गेला. वय एकतीस. मालिका थांबली नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या जागी रॉजर डेव्हिस आला. हा तोच, ज्याचा आवाज आपण आधी निवेदक म्हणून ऐकलेला असतो. नट चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. बेन मर्फी तोच, करी तोच, घोडे तेच, विनोदही तितकेच बरे. पण करी हेजकडे बघतो ना, नाणं हरल्यावर, ते बघणंच बदललंय. मी त्यानंतरचे भाग लावले, दोन पाहिले आणि संच कपाटात ठेवला. उरलेले बघवले नाहीत.

यंदा फेरीला माझ्याबरोबर यायला आपल्या ग्रुपातले दोघे तयार होते. चांगली माणसं आहेत, गाडीही नवी आहे. मी नको म्हणालो.

तर आता पुडकं उघड. कॅट नवा नाही, मुद्दामच. आपल्या मालवणच्या फेरीतलाच आहे, बदाम राणीचा कोपरा दुमडलाय त्यावरून ओळखशील. त्यात पंचवीस पानं रबर लावून वेगळी ठेवलीत. ती परवा रात्री आली. मी, सुनंदा आणि सई, तिघांनी दोन संध्याकाळी डोकं घातलं. चार हात होतात, पाचवा होत नाही. किलवरची नुसती तीनच आलीत, घोटाळा तिथे आहे. शंभरातल्या त्या दोन वेळांपैकी ही एक आहे, की आम्हालाच दिसत नाहीये, ते मला ठरवता येत नाही. पत्त्यांतलं तुला माझ्याहून जास्त दिसतं, आधीपासूनच. पाय उशीवर ठेव, ताट समोर घे, आणि लाव.

रविवारी सकाळी नऊला फोन करतो. वहिनींना नमस्कार, औषध वेळेवर घे. सुनंदाने पुडक्यात मेतकूट घातलंय, ते पत्त्यांना लागू देऊ नकोस.

तुझाच,
अविनाश

ता.क. करूळ घाटातलं ते चार आण्याचं नाणंही कॅटच्या डबीत आहे. माझ्याकडेच राहिलं होतं.